खिडकीतला पांढरा कापूस

पहिला पाठ : प्रश्न नीट मांडा
(पाहिलेलं)

सायकाल कोळशाच्या ढिगावर पडली होती. ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात बॉयलरसाठी कोळसा ओततात, त्यावर. रात्री थोडा बर्फ पडला होता. तो कोळशावर होता, तिच्या केसांत होता आणि बिश्केकच्या जानेवारीत होतो तसा सकाळपर्यंत करडा पडला होता. वर चौथ्या मजल्यावर वाचनकक्षाची एक खिडकी सताड उघडी होती.

पोलिसांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. तिघांना विचारलं. तिघांनी एकच सांगितलं. दुपारच्या आत शब्द ठरला : आत्महत्या.

सायकाल एकोणतीस वर्षांची होती. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शोधायला शिकवायची. पुस्तक कसं शोधायचं, सापडलेल्यातलं खरंखोटं कसं ओळखायचं, दुसऱ्याचं घेतलं तर त्याचं नाव कसं सांगायचं. मी, कानिमेत, शेजारच्या सूची विभागात बसते. आमची चहाची किटली एकच होती.

तिचा एक हट्ट होता. मुलांनी काहीही लिहिलं की शेजारी लिहायचं, पाहिलेलं की ऐकलेलं. म्हणून इथे मीही तसंच लिहिते आहे. आणि प्रत्येक भागाच्या वर जे पाठ आहेत ते तिच्या वर्गातल्या फळ्यावरचे आहेत. ते पुसायला अजून कुणाचा हात धजलेला नाही.

आदल्या दिवशी, गुरुवारी, चहाच्या वेळी ती म्हणाली होती, "एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती मला एजेच म्हणायची, "आज संध्याकाळी मूळ बघायला मिळणार."

दुसऱ्या ग्रंथालयातून मागवलेलं एखादं पुस्तक आलं असेल, असं मला वाटलं. "बघ बाई," मी म्हटलं आणि बोरसोकची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, बशी तिच्यापुढे सरकवली. तिने दोन उचलले. एक खाल्ला, एक खिशात टाकला.

तो खिशातच सापडला.

दुसरा पाठ : उत्तर कुणाला हवंय?
(ऐकलेलं)

फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग सायकालची आई, बुरुल.

"कानिमेत, अंगणात तिच्यासाठी नमद्याचं घर उभारलंय. बायका जमल्यात. तिला कधी आणता?"

"उद्या संध्याकाळी शवागारातून देतील, बुरुल-एजे. रात्रीतून निघू."

"मुल्ला येऊन गेला." पुन्हा श्वास. "म्हणतो, स्वतःहून जीव दिलेल्याच्या जनाज्याची नमाज मी वाचणार नाही. कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर पुरा म्हणतो. तिचा बाप भिंतीच्या आत आहे, कानिमेत. शाळेतून यायला उशीर झाला तरी मी तिच्यासाठी फाटक लावत नव्हते. आता मीच तिला बाहेर ठेवू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझा भाऊ निघालाय. त्याला सगळं सांग. वाईट असलं तरी सांग. फक्त खरं असू दे."

तिसरा पाठ : दहा पुस्तकांत एकच वाक्य असेल, तर ती दहा पुस्तकं नव्हेत
(पाहिलेलं)

सायकालचा मामा इशेनाली पहाटे दोलोनची खिंड ओलांडून आला. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, जाड बूट, हातात काही नाही. नारिनकडच्या पोलिसांत उभा जन्म तपास करून तो निवृत्त झाला होता. मी त्याला तायके म्हटलं, सायकाल म्हणायची तसं. मामालाच आमच्याकडे तायके म्हणतात.

"संध्याकाळपर्यंत तिला देणार नाहीत," तो म्हणाला. "तोवर ती कुठे बसायची ते दाखव."

मी त्याला वर्गात नेलं. तो फळ्यासमोर उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक ओळ ओठ हलवत वाचू लागला. चार ओळी पूर्ण होत्या. पाचवी अर्धीच : मूळ सापडलं नाही तर.

"ही का अर्धी?"

"तो घरचा अभ्यास होता. वाक्य मुलांनी पुरं करून आणायचं."

"आमच्या खात्यात हे कुणी शिकवलं असतं," तो म्हणाला, "तर कितीतरी निर्दोष माणसं घरी जेवली असती." मग टोपी बाकावर ठेवली. "पोलिसांना सांगणारे ते तिघं कोण?"

आधी राइखान-अपा. दारापाशी बसून ती लोकांचे कोट घेते आणि किल्ल्यांवर लक्ष ठेवते, निदान आम्ही तसं समजतो. तायकेने खुर्ची ओढली आणि तो तिच्यासमोर बसला.

— अपा, पोलिसांना काय सांगितलंत?

— खरं तेच. पोरगी आठवडाभर वरच्या उघड्या खिडकीत उभी राहायची. रडायची. लग्नाचं वय निघून चाललं की मुली अशा होतात, बाळा.

— तुम्ही पाहिलंत?

— अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं.

— इमारतीला डोळे नसतात, अपा. तुम्हाला आहेत.

— डोळे आहेत रे, गुडघे नाहीत. चौथा मजला शेवटचा कधी पाहिला ते मला आठवतही नाही.

— मग पाहिलं कुणी?

— पेरिझातनं. मंगळवारी कोट देताना सांगत होती. एवढी शिकलेली पोर, ती काय खोटं बोलेल?

— आणि वाचनकक्षाची किल्ली? गुरुवारी संध्याकाळी कुणी नेली?

— खिळ्याला टांगलेली असते. मी चहाला उठले की कुणीही नेतं, कुणीही आणून लावतं. मी काय तिला खुंट्याला बांधून बसू?

दुसऱ्या तमारा ओस्मोनोव्ना, आमच्या ग्रंथालयप्रमुख. सायकालचं आणि त्यांचं पटत नव्हतं, हे भिंतींनाही माहीत होतं. तायकेने हात पुढे केला. त्यांनी तो दोन बोटांनी धरून सोडला.

— तुमचं भांडण कशावरून होतं?

— भांडण नाही, मतभेद. तीस वर्षं मी या मुलांना शिकवलं. पहिल्या तासाला नियम, दुसऱ्या तासाला नियम. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत म्हणून दाखवायची. शिस्त होती. ही आली आणि म्हणाली, आधी पोरांना हरवू द्या, मग वाट दाखवू. पोहायला शिकवताना कुणी नदीत ढकलतं का हो?

— आमच्या गावात तसंच शिकवतात.

— म्हणून तुमच्या गावात बुडतात.

तायके हसला नाही. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. आपण काय बोलून गेलो, ते त्यांना कळलं असावं.

— तुम्ही तिचा वर्ग बंद करणार होतात?

— हो. आणि ते मी लपवलेलं नाही. गेले दोन आठवडे ती नसलेली पुस्तकं मागत होती. माझ्या सहीने देशभरच्या ग्रंथालयांना पत्रं गेली. सगळीकडून एकच उत्तर, असं पुस्तक नाही. मला लाज आणली तिने. मला वाटलं, पोरांसाठी काहीतरी खेळ मांडलाय.

— ती खिडकीत उभी राहायची?

— राहायची. दोघींनी सांगितलं मला. राइखाननं आणि पेरिझातनं.

— तुम्ही स्वतः?

तमारा ओस्मोनोव्नांनी समोरचे कागद सरळ केले. ऐकलेलं ते पाहिलेलं म्हणून सांगायचं नाही, हा नियम तीस वर्षं त्यांनीही मुलांकडून घोकून घेतला होता.

— नाही, त्या म्हणाल्या. मी पाहिलं नाही.

तिसरी पेरिझात. उपकुलगुरूंच्या दाराबाहेर बसणारी त्यांची सचिव, चोवीस-पंचवीसची. आम्ही दिसताच तिचे डोळे भरले.

— रडू नको, तायके म्हणाला. रडून झालं की सांग. तू काय पाहिलंस?

— मी... मला आगाय म्हणाले होते, आमचे उपकुलगुरू. सोमवारी सकाळी. म्हणाले, जरा लक्ष ठेव गं त्या पोरीवर, वाचनकक्षाच्या उघड्या खिडकीत उभी असते, डोळे लाल असतात. मग मी राइखान-अपाला म्हटलं, तुम्हीही लक्ष ठेवा. काळजीनेच म्हटलं हो.

— पोलिसांना हे सांगितलंस? आगायनी सांगितलं म्हणून?

— त्यांनी असं विचारलंच नाही. विचारलं, ती खिडकीत उभी राहायची का? मी हो म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात तायके भिंतीला टेकला. खिशातून कुरुताचा गोळा काढून त्याने गालात धरला, खारट दह्याचा तो गोळा सावकाश चघळत राहिला.

"तीन साक्षी," तो म्हणाला. "तोंड एक. चल, त्या तोंडाला भेटू."

चौथा पाठ : मुळापर्यंत जा
(पाहिलेलं)

सोवेतबेक आगाय आमचे उपकुलगुरू. शिकवणाऱ्या पुरुषाला आमच्याकडे आगायच म्हणतात, पण त्यांच्या बाबतीत तो शब्द जरा जास्त वाकून उच्चारला जातो. त्यांचं इतिहासाचं पुस्तक पहिल्या वर्षाला सक्तीचं. वसंतात ते कुलगुरू होणार, हे ठरल्यासारखं होतं.

त्यांनी उठून तायकेचे दोन्ही हात हातात घेतले. स्वतः चहा ओतला, पाहुण्याला ओततात तसा, अर्धी वाटी.

"काय बोलू, इशेनाली-बायके. तुम्ही वयाने मोठे. एवढी गुणी मुलगी. मला वाटलंच होतं काहीतरी होणार. मीच कमी पडलो."

"तुम्हाला कशावरून वाटलं, आगाय?"

"मी पाहिलं होतं ना तिला. शनिवारी, रविवारी, घरी जाताना. अंगणातून वर बघितलं की चौथ्या मजल्यावर खिडकी उघडी आणि ती उभी. या थंडीत. सोमवारी मी पेरिझातला सांगितलंही."

"स्वतः पाहिलंत."

"या डोळ्यांनी."

"बरं झालं," तायके म्हणाला. "सकाळपासून ज्याला विचारावं तो ऐकलेलंच सांगतो. पाहिलेला माणूस पहिलाच भेटला."

आगायनी सिगारेट पेटवली. धूर माझ्याकडे आला तसे ते सौजन्याने उठले आणि मागची खिडकी एका बोटाने ढकलून उघडली. नवी पांढरी प्लास्टिकची खिडकी, दोन वर्षांपूर्वी या मजल्यावर बसवलेली. थंडी आत आली आणि धूर बाहेर गेला.

"वर जाऊन तिच्याशी बोलावंसं नाही वाटलं?" तायकेने विचारलं.

"वर? अहो, चौथ्या मजल्यावर जाऊन मला किती वर्षं झाली. पुस्तकं मला इथे आणून देतात." ते माझ्याकडे बघून हसले. "या मंडळींची कृपा."

ते खरं होतं. मीच नेऊन देत असे.

"मुल्ला जनाजा वाचायला तयार नाही," तायके म्हणाला.

आगायनी मान खाली घातली. "मी येईन उद्या मातीला. विद्यापीठातर्फे गाडी काढतो, तिची मुलंही येतील. मी बोलेन मुल्लाशी. मन आजारी असलेल्याला दोष नसतो. शिकलेल्या माणसाने समजावलं की ऐकतात."

दाराशी आल्यावर तायके थांबला. "चहा फार चांगला होता," तो म्हणाला.

जिना चढताना त्याचा श्वास ऐकू येत होता. "माणूस दयाळू आहे," मी म्हटलं.

"आहे," तायके म्हणाला. "ती खिडकी दाखव."

फळ्यावर नसलेला तुकडा
(पाहिलेलं. स्वतःच्या हातांनी.)

वाचनकक्षाच्या खिडक्या जुन्या आहेत. लाकडी आणि दुहेरी, एक चौकट आत, एक बाहेर. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही बायका एक दिवस सुट्टी जाहीर करतो, दोन चौकटींच्या मधे कापूस अंथरतो, फटींत कापूस कोंबतो आणि वरून पिठाच्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवतो. मार्चपर्यंत त्या खिडक्यांना कुणी हात लावत नाही. आमच्यापैकी कुणाला हे सांगावं लागत नाही. घरोघरी हेच. निदान ज्यांच्या घरी प्लास्टिकच्या खिडक्या आलेल्या नाहीत त्यांच्या.

तायके खिडकीजवळ गेला. त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला.

"बाकीच्या पिवळ्या पडल्यात. ही नवी का?"

"मी लावली, काल सकाळी. पोलीस म्हणाले, झालं आमचं. मुलं थंडीने कुडकुडत होती. म्हणून बंद करून पट्टी मारली."

"जुनी फाटली होती?"

मी आठवून पाहिलं. "फाटली नव्हती. कापली होती. वरून खाली, सरळ. पात्याने कापल्यासारखी."

"आणि आतला कापूस?"

"खाली रेडिएटरमागे पडला होता. तोच परत भरला."

"कसा होता?"

"कसा म्हणजे? कापसासारखा. पांढरा."

तो माझ्याकडे बघत राहिला. आणि माझ्याच तोंडातून बाहेर पडलेला शब्द मला पुन्हा ऐकू आला.

या शहरात जानेवारीत काहीही पांढरं राहत नाही. घराघरांत कोळसा जळतो. दोरीवरचा सदरा संध्याकाळपर्यंत करडा होतो, बाहेरून आलेल्या माणसाचं नाक काळं असतं. ती खिडकी शनिवारपासून उघडत असती, तर चौकटींमधला कापूस चुलीतल्या फडक्यासारखा झाला असता.

"ती खिडकी गुरुवारपर्यंत उघडलेलीच नव्हती," मी म्हटलं.

"मग शनिवारी, रविवारी ती उघड्या खिडकीत कशी उभी राहिली?"

"राहिली नाही."

"चुकून दुसरी खिडकी पाहिली असेल?"

"तायके, सगळ्याच खिडक्यांना पट्ट्या आहेत. बघा. सगळ्या पिवळ्या."

त्याने बघितलं. एकेक खिडकी, शेवटपर्यंत. मग परत येऊन बाकावर बसला आणि पहिल्यांदाच तो म्हातारा दिसला.

"ऐक. कुणी मेल्यानंतर दुसरा खोटं बोलला तर त्याची कारणं हजार असतात. भीती असते, अब्रू असते. पण हा सोमवारी बोललाय. पोरगी पडली गुरुवारी. ती कुठून पडणार हे तीन दिवस आधी ज्याला माहीत होतं, त्यानेच तिला तिथे नेलं. फक्त त्याला एक माहीत नव्हतं, की तुमच्या खिडक्या हिवाळ्यात उघडत नाहीत. त्याच्या खोलीतली एका बोटाने उघडते. गुरुवारी तो आधी वर आला तेव्हा त्याला कळलं असेल. पण तोवर बातमी सगळ्या इमारतीत फिरली होती, आणि फिरलेली बातमी परत घेता येत नाही. मग पातं काढलं."

खाली अंगणात कुणीतरी फावड्याने कोळसा ओढत होतं.

"पण का?" तो म्हणाला. "पोरीने त्याचं काय केलं होतं?"

ते मला माहीत होतं. दोन आठवडे माहीत होतं, फक्त त्याकडे मी तसं पाहिलं नव्हतं. सायकालच्या वर्गात एक काम असायचं. सगळ्यांच्या हातात असलेलं एखादं पुस्तक घ्यायचं. त्यात लेखक ज्या पुस्तकांचे आणि कागदपत्रांचे दाखले देतो, त्यातला एकेक दाखला एकेका मुलाला द्यायचा. मुलाने मूळ शोधून आणायचं आणि लेखकाने ते नीट वाचलं होतं का ते सांगायचं. या वेळी तिने पहिल्या वर्षाचं सक्तीचं पुस्तक घेतलं होतं. त्यात वाईट हेतू नव्हता. सगळ्यांकडे तेच असतं म्हणून.

मुलं रिकाम्या हातांनी परत आली. सायकाल रागावली, आळशी कुठले, म्हणाली. मग स्वतः शोधायला बसली.

"पुस्तक कुणाचं?" तायकेने विचारलं. उत्तर त्याला कळलं होतं.

"सोवेतबेक आगायांचं. त्यांची पदवीही त्याच दाखल्यांवर आहे. ते दाखले नाहीतच, तायके. त्यांनी रचलेत."

आणि मग मला ते चहाच्या वेळचं वाक्य आठवलं. आज संध्याकाळी मूळ बघायला मिळणार. पुस्तक टपालाने येणार नव्हतं. कुणीतरी तिला म्हणालं होतं, ये, मी दाखवतो. आणि ती गेली, कारण स्वतः पाहिल्याशिवाय कुणाला खोटं म्हणायचं नाही, हा तिचाच नियम होता.

मी तायकेला सांगितलं. त्याने टोपी घातली.

"पट्टीला हात लावू देऊ नकोस कुणाला. माझ्या जुन्या खात्यातली माणसं येऊन काढतील."

"मग आता पोलिसांकडे जायचं?"

"जायचं. पण त्याने हे मला बंद खोलीत सांगितलंय. उद्या म्हणेल, दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्याने ते लोकांत बोलायला हवं, आपणहून."

"ते तो कशाला बोलेल?"

"दयाळू आहे ना," तायके म्हणाला.

पाचवा पाठ : मूळ सापडलं नाही तर
(ऐकलेलं)

हे मी पाहिलं नाही. मी आत होते.

आत-बाशीत, सायकालच्या गावी, त्या दिवशी श्वास मिशीवर गोठत होता. अंगणात नमद्याचं घर, मयतासाठी उभारतात तो जाड लोकरी तंबू, त्याच्या एका बाजूला पडद्यामागे सायकाल. आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, पाठ लोकांना, रीत आहे तशी. बुरुल कमरेवर हात ठेवून कोशोक गात होती. मेलेल्या लेकीशी आई जे बोलते ते गाणं. ते नुसतं रडणं नव्हे, त्याचे शब्द जुळवावे लागतात.

*फाटक उघडं ठेवलंय, माझ्या कोकरा,*
*वारा आला, बर्फ आला, तू नाही आलीस.*
*शहरात तुझ्यापाशी एवढी पुस्तकं,*
*घरची वाट एकातही नव्हती का गं.*

बाहेर मोटार थांबली. मग पुरुषांचा आक्रोश जवळ आला. सांत्वनाला येणारे पुरुष आमच्याकडे लांबूनच ओरडून रडत येतात, आणि घरचे पुरुष काठ्यांवर वाकून त्यांना रडत उत्तर देतात. आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत, कुणीही असो. सगळ्यांत मोठा आवाज सोवेतबेक आगायांचा होता. "अरे माझी लेक, अरे माझी लेक."

माझ्या शेजारी वर्गातली एक मुलगी बसली होती, झारकिनाय. तिने माझी बाही घट्ट धरली.

आक्रोश थांबला. मुल्लाचा आवाज आला, म्हातारा, चिरका. "इशेनाली, मी परवा जे बोललो ते बोललो. माझ्यावर रागावू नकोस."

"नाही रागावत, मोल्दोके," तायकेचा आवाज. "शहरातले मोठे आगाय आलेत. त्यांना काही सांगायचंय. सगळे ऐका. नारिनहून माझ्या जुन्या खात्यातले दोघं आलेत, तुम्हीही या पुढे, जवळ या."

आगायनी घसा साफ केला. वर्गात बोलावं तसं ते बोलले, शांत आणि भरदार. मुलगी चांगली होती, पण मनाने आजारी होती. आजाऱ्याच्या हातून घडतं त्याला पाप म्हणू नये. मुल्लांनी जनाजा वाचावा, ही माझी विनंती.

"आजारी होती हे कशावरून म्हणता, आगाय?" मुल्ला म्हणाला.

"मी पाहिलंय, मोल्दोके. मरणाच्या आधी शनिवारी आणि रविवारी. उघड्या खिडकीत उभी होती."

"वाचनकक्षाची खिडकी?" तायकेने विचारलं. "चौथ्या मजल्यावरची? जिथून पडली तीच?"

"तीच."

"उघडी?"

"सताड उघडी. या सगळ्यांपुढे सांगतो."

मग तायके बोलला. आवाज चढवला नाही. त्याने कापसाचं सांगितलं, पट्ट्यांचं सांगितलं. गावातल्या कुणालाही ते समजावून द्यावं लागलं नाही. तिथल्या प्रत्येक घराच्या खिडकीला त्या दिवशी पट्ट्याच होत्या. मग म्हणाला, "सोमवारी ही गोष्ट तुम्ही पेरलीत. पोरगी गुरुवारी मेली. ती जिथून पडणार ती खिडकी तुम्हाला तीन दिवस आधी कशी दिसली, आगाय?"

नमद्यावर वारा घासत होता. बुरुलचं गाणं केव्हा थांबलं ते मला कळलं नव्हतं.

"मी... लांबून नीट दिसलं नसेल," आगाय म्हणाले. "लोक बोलत होते. मी ऐकलं होतं."

"कुणाकडून?" हा एक पोरसवदा आवाज होता. वर्गातला कुणीतरी. आणि त्यात राग नव्हता, वर्गात विचारायचे तसंच विचारलं होतं. "कुणाकडून ऐकलं, आगाय?"



मुल्ला खाकरला. "भिंतीबाहेर म्हणालो ते मीही ऐकीव गोष्टीवर म्हणालो," तो म्हणाला. "अल्ला मला माफ करो." मग त्याने जनाज्याआधी विचारतात तो प्रश्न विचारला. "लोक हो, सायकाल कशी होती?"

याला सगळे एका सुरात म्हणतात, चांगली होती. सगळ्यांसाठी म्हणतात. चोरासाठीही म्हणतात. गावाने म्हटलंही.

पण मुलं थांबली. मग एकजण म्हणाला, "मी पाहिलंय. माझ्या बुटाला भोक होतं, तिने काही न बोलता रेडिएटरजवळची जागा मला दिली."

"मी पाहिलंय. मी दाखला चोरला होता. तिने सगळ्यांसमोर नाव घेतलं नाही."

"मी पाहिलंय. तिला उत्तर आलं नाही तेव्हा ती म्हणाली, मला येत नाही."

माझ्या शेजारी झारकिनाय भिंतीकडे तोंड करून, नमद्याला ओठ लावून म्हणाली, "मी पाहिलंय. गुरुवारी ती आनंदात होती."

शेवटचं
(पाहिलेलं)

नमद्याची खालची कड वाऱ्याने वीतभर उचलली होती. तिथून मला बूट दिसत होते, बर्फात, नुसते बूट.

शहरातले काळे चकचकीत बूट एका जागी उभे होते. दोन्ही बाजूंनी पोलिसांच्या जाड बुटांची एकेक जोडी आली. चकचकीत बुटांनी एक पाऊल मागे घेतलं, मग वळले, आणि तिघं मोटारीकडे गेले. मधले मधेच घसरत होते.

बाकीचे बूट आधी कसेही होते, कुणी इकडे, कुणी तिकडे. मग हळूहळू टाचा जुळू लागल्या. नमाजाला उभं राहतात तशी एक रांग झाली. तिच्यामागे दुसरी. तिसऱ्या रांगेत एकाच्या बुटाला भोक होतं.

मी बुरुलचा हात धरून खाली ओढला आणि तिला ती फट दाखवली. तिने वाकून पाहिलं. रांगा सरळ झाल्या होत्या. बूट हलत नव्हते.

ती पुष्कळ वेळ तशीच वाकून पाहत राहिली.